डब्याचं तळ

जालना,
मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय बेबी,

अक्षर ओळखलं नसशील. आपण एका गल्लीत होतो तेव्हा मला वाचता यायचं तेसुद्धा चाचपडत, आणि लिहायचं म्हणजे फक्त सही. आता लिहिते. हे पत्र मात्र चार दिवस पुरलं. पत्ता तुझ्या मोनालीनं दिला. सरकारी दवाखान्यात बीपीच्या गोळ्या आणायला गेले होते, तर समोर नर्सच्या कपड्यांत ती. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. मला मावशी म्हणून हाक मारली, बसायला स्टूल दिलं. तुझा पत्ता मागितला तेव्हा हातातलं काम ठेवून चिठ्ठीवर आष्टीचा पत्ता लिहून दिला. फोन नंबर मी मागितला नाही. फोनवर तू दोन मिनिटांत जाऊ दे म्हणाली असतीस आणि मीही बरं म्हणून सुटले असते.

मला त्या तेलाच्या डब्याबद्दल लिहायचं आहे. अठरा वर्षं झाली. गल्लीत अजूनही कुणी वाटणीवर शंका घेतली की झुंबरबाई म्हणते, बेबीनंदासारखं करू नको. नव्या सुनांनी तुला पाहिलेलंसुद्धा नाही. त्यांना एवढंच ठाऊक, की बेबीनंदा नावाची एक बाई इथं राहायची आणि ती मापावरून खोटं बोलली. तू खोटं बोलली नव्हतीस. हे मला गेल्या महिन्यात कळलं. कसं कळलं ते सांगते, पण पहिल्यापासून सांगते. मधूनच सुरू केलं तर मी माझ्या सोयीचं तेवढंच लिहीन.

आधी घरचं. माऊली पुण्याकडे कंपनीत लागला, त्याला दोन लेकरं आहेत. शीतल अंकुशनगरला दिली, जावई साखर कारखान्यात आहेत. इथं मी एकटी. माऊली चल म्हणतो, मी सणावाराला जाऊन येते. चार माणसांत भाजी पुरवणं मला जमायचं, एका माणसापुरती भाजी करणं अजून जमत नाही. पाव किलो वांगी आणली की दोन दिवस तेच खाते. शीतलच्या वडिलांना जाऊन पुढच्या उन्हाळ्यात वीस वर्षं होतील. मिलमधून आले की हातपाय धुऊन ते तव्यावरची पहिली भाकरी उभ्यानंच खायचे, नुसत्या तिखटाबरोबर. अजूनही पहिली भाकरी उतरली की मी ती बाजूला ठेवते आणि दुसरी घेऊन बसते. रडू वगैरे येत नाही. पहिली भाकरी संध्याकाळी मीच खाते. सवय आहे एवढंच.

वाचायला मी कशी शिकले ते तुला माहीत आहे, तू अर्धी साक्षीदार आहेस. किराण्याच्या पुड्या सोडल्या की कागद सरळ करून मी चुलीपाशी जपून ठेवायची. हळदीच्या कागदावर एक अक्षर, जिऱ्याच्या कागदावर दुसरं. जोडाक्षरापाशी अडले की तुझ्या दारात यायची, कारण तू सातवी शिकलेली. एकदा एका पुडीवर खुनाची बातमी होती आणि खून कुणी केला ते फाटून दुसऱ्या कुणाच्या तरी साखरेबरोबर गेलं होतं. आपण दोघी आठवडाभर त्याच दुकानातून साखर आणत होतो, पाव पाव किलो, बाकीचा कागद मिळेल म्हणून. तो मिळाला नाही. आता माझ्याकडे वाचनालयाचं कार्ड आहे, महिन्याला चार पुस्तकं आणते. पण हातात छापील काही आलं की आधी वाचायचं, ही खोड त्या पुड्यांनी लावली. पुढचं सगळं त्या खोडीमुळेच झालं.

हे गेले तेव्हा माऊली दुसरीत होता आणि शीतल सहावीत. मिलनं जे द्यायचं ते दिलं, मी बियाण्यांच्या कंपनीत निवडायच्या कामाला लागले. त्या दिवसांत मी घर कसं चालवलं याचं गल्लीत फार कौतुक झालं. कौतुक करण्यासारखं होतंही थोडं. सुगी संपता संपता ज्वारी स्वस्त असते तेव्हा वर्षाची भरून ठेवायची, वर कडुनिंबाचा पाला. येसर घरी करायचं. माझ्या आईनं लग्नात डबाभर दिलं होतं, त्यावरून मी शिकले. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या, सगळं भाजून दळून ठेवलं की दोन चमचे येसर तांब्याभर पाण्यात चार माणसांची आमटी करतं, डाळीचा एक दाणा लागत नाही. शेंगदाण्याच्या कुटात निम्मं कारळं मिसळायचं. पावसाळ्यात एमआयडीसीच्या भिंतीकडेला तरोटा उगवतो, तो कोवळा असतानाच खुडून आणायचा. तू आणि मी दोघी जायचो, आठवतं का, तिथला वॉचमन आपल्याला भंगार गोळा करणाऱ्या समजून हाकलायचा आणि तू त्याला वरून भाजी खायला बोलावलं होतंस. शिळ्या भाकरीचे कुटके, ताकातल्या कण्या, आणि आठवड्यातून एकदा काहीतरी तळलेलं. लेकरांना दिवसभर साधं खाऊ घातलं तरी चालतं, पण आठवड्यातून एक दिवस घरात तळणाचा वास यायला हवा, नाहीतर त्यांना आपण गरीब आहोत हे कळतं. हे माझं मत होतं. अजूनही आहे.

आणि तेल. बायका विचारायच्या, चतुरा, तुझ्या घरी भजी होतात, दिवाळीला शंकरपाळी होतात, घरात दुसरं कुणी कमावणारं नाही आणि तेल पुरतं कसं. मी सांगायची. तव्याला तेल कांद्याच्या फोडीनं लावायचं. फोडणी पळीत करायची आणि एकाच पळीची दोन भांड्यांत वाटायची, निम्मी वरणात, निम्मी भाजीत. हे सगळं मी करत होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण दुसरं एक मी सांगत नव्हते, कारण ते सांगण्यासारखं आहे असंही मला कधी वाटलं नाही. माझ्याकडे डब्याचं तळ होतं.

डबा आपण पाच जणींनी सुरू केला तेव्हा हे होते. पंधरा किलोचा गोड्या तेलाचा डबा मोंढ्यातल्या ठोक दुकानातून आणला की सुट्या तेलापेक्षा बराच स्वस्त पडायचा. मी, झुंबरबाई, पुष्पाबाई, तिची जाऊ आणि तू. एकेकीला तीन. डबा सायकलला बांधून हे आणायचे, पगारानंतरच्या रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर तो फुटायचा आणि माप माझं. तातेरावांनी म्हशी विकल्या तेव्हा त्यांच्याकडून घेतलेलं दुधाचं लिटरचं माप, सरकारी शिक्का असलेलं. काठोकाठ भरायची मी, बोटानं कडेचा ओघळसुद्धा आत ओढायची. पंधरा मापं झाली की वाटणी संपली. डबा आणायचा कुणी, फोडायचा कुणी, तेलानं हात कुणी माखून घ्यायचे, म्हणून डब्याला चिकटून जे राहील ते माझं, असं पहिल्याच महिन्यात झुंबरबाईनं ठरवून टाकलं. सगळ्या हो म्हणाल्या. चार पळ्या राहतील, तिला घेऊ दे. असंच सगळ्यांना वाटलं.

आता जे लिहिते ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तुला डब्यात घ्यायचं मीच म्हणाले होते. झुंबरबाईनं तोंड वाकडं केलं, तेव्हा मी तिला समजावलं, की तेल आपण ओतून देणार, ती काही डब्याला हात लावणार नाही. असं समजावून मी तुला घेतलं, आणि वर मनातल्या मनात स्वतःला मोठ्या मनाची समजले. तुझं तेल शेवटी. ते कुणी बोलून ठरवलं नाही. पहिल्या रविवारी आधी झुंबरबाई, मग पुष्पाबाई, मग तिची जाऊ, मग माझं आणि मग तू, आणि पुढच्या प्रत्येक रविवारी तसंच. कुणीतरी शेवटी असणारच, असं मी धरून चालले. तू ओट्याच्या खाली उभी राहायचीस कॅन घेऊन, मी वरून ओतायची. दुपारी तू माझ्या स्वयंपाकघरात बसून मला जोडाक्षरं शिकवायचीस आणि मला त्यात काही विचित्र वाटायचं नाही. आज वाटतं. तेव्हा तुला वाटलं असेल तर तू दाखवलं नाहीस.

हे गेले त्या दिवशी घरात चूल पेटणार नव्हती. ज्यानं त्यानं कडू घास आणला. तूही आणलास, पिठलं आणि भाकरी, फडक्यात बांधून. झुंबरबाईनं ते कोपऱ्यात सरकवून ठेवलं. मी ते खाल्लं, बेबी, लेकरांनाही घातलं, पण झुंबरबाई घरी गेल्यावर. फडकं धुऊन तुला परत दिलं तेव्हा तू काही विचारलं नाहीस आणि पिठलं चांगलं झालं होतं एवढंच मी म्हणाले.

त्यानंतर डबा माऊलीचा मामा आणून द्यायला लागला आणि तळ माझंच राहिलं. उलट बायका म्हणाल्या, आता तर तुलाच पाहिजे. सगळ्या आपापलं तेल घेऊन गेल्या की मी डबा पातेल्यावर पालथा घालून दोन दिवस उन्हात ठेवायची. चार पळ्या नव्हतं ते. दीड लिटरच्या आसपास निघायचं, दर महिन्याला. माझ्या घराचं निम्म्या महिन्याचं तेल. मला ते जास्त आहे असं कधी वाटलं नाही, कारण कंपनी डब्यात थोडं वर भरत असेल, असं मी मनाशी धरलं होतं. आणि खरं सांगायचं तर मी त्याच्यावर विचारच केला नाही. ज्याच्यावर लेकरांचं तळण चाललंय त्याच्यावर कोण विचार करतं? दिवाळीला शंकरपाळ्यांची ताटली तुझ्या घरी पाठवायची मी. तुझ्याच तेलात तळलेली.

तो रविवार तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, तरी मी लिहिते, म्हणजे मला किती आठवतं ते तुला कळेल. श्रावण होता. रामकिसनभाऊंच्या प्लांटचं काम दोन महिन्यांपासून बंद पडलेलं, नुसता वजनाचा काटा चालू, आणि तुमच्या घरी तू एकटीच कमावत होतीस. तुझं तिसरं माप मी ओतलं. तू कॅनचं झाकण लावलं नाहीस. हळूच म्हणालीस, 'चतुरा, तीन किलोत पाव किलो कमी भरून राह्यलंय. यांनी प्लांटच्या काट्यावर बघितलं, मागच्या महिन्यातलं पण आणि त्याच्या मागचं पण.' भांडायचा सूर नव्हता. तू मला एकटीलाच सांगत होतीस, पण पुष्पाबाई पायरीवर बसलेली होती आणि झुंबरबाई दोन पावलं गेली होती ती परत आली. मी माप भरून वर धरलं. बघा म्हटलं, काठोकाठ आहे की नाही. सगळ्यांनी बघितलं. काठोकाठच होतं. तू म्हणालीस, माप भरलेलं मला पण दिसतंय, पण काटा पण खोटं बोलत न्हाई. मला तेव्हा विधवा होऊन सव्वा वर्ष झालं होतं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, फक्त लोक म्हणायचे, चतुराचा व्यवहार चोख. तेवढंच तू ओढून घेतेयस असं मला वाटलं.

मग झुंबरबाई बोलली. 'एका डब्यात घेतलं, तर आता मापावर बोट ठेवून राह्यली.' एका डब्यात घेतलं म्हणजे काय, ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकीला कळलं. मोनाली तुझ्या पदराशी होती, सातवीतली पोर, तिलाही कळलं. तू झुंबरबाईकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे बघितलंस. मी काहीतरी बोलेन म्हणून तू वाट बघत होतीस, आणि मी माप फडक्यानं पुसत राहिले. मग तू ओट्यावर चढलीस, पहिल्यांदाच, आणि कॅनमधलं तेल डब्यात परत ओतलंस. तीन लिटर तेल ओतायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. बारीक धार पडत होती आणि कुणी हलत नव्हतं. रिकामा कॅन घेऊन तू गेलीस. तुझे पैसे मी शीतलकडून पाठवले, तू घेतलेस, आणि शीतल सांगत आली की मावशीनं मोजलेसुद्धा नाहीत.

पुढं तुम्ही गल्ली सोडलीत, तुमचं सामान टेम्पोत चढलं तेव्हा मी घरातच होते. खिडकीतून दिसत होतं. बाहेर यायला मला कुणी अडवलं नव्हतं.

त्यानंतरही डबा चालू राहिला, तुझ्या जागी दुसरी बाई आली आणि तिचं तेल काही शेवटी नसायचं. मीच शेवटी घ्यायला लागले. मग एकेक जण पांगलं. गेल्या वर्षी झुंबरबाईच्या घरी सून आली, ती म्हणाली आम्ही पिशवीच आणतो. या आषाढात डबा बंद झाला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी सोमेश्वरच्या दुकानातून तेलाची एक पिशवी विकत आणली. जेवण झालं, घरात वाचायला दुसरं काही नव्हतं, वाचनालयाची पुस्तकं परत गेलेली. म्हणून पिशवी वाचत बसले. मराठी थोडं, बाकी इंग्रजी, पण आकडे मला येतात. एक लिटर लिहिलेलं, आणि त्याच्याखाली नऊशे दहा ग्रॅम. मला वाटलं, छापताना चुकलं. किलो म्हणजे हजार ग्रॅम, आणि लिटर म्हणजे किलो. असंच ना? आपण सगळ्या किलोची पिशवी, किलोचं माप असंच म्हणत आलो. शीतलला फोन केला. ती म्हणाली, आई, दोन्ही बरोबर असेल, मला नीट सांगता येणार नाही, दुकानात विचार.

मी पिशवी घेतली, माळ्यावरून ते तातेरावांचं माप काढलं आणि सकाळीच दुकानात गेले. सोमेश्वर हसला, पण त्यानं करून दिलं. आधी रिकामं माप काट्यावर ठेवलं, आकडा शून्यावर आणला, मग पिशवी फोडून मापात ओतली. काठोकाठ भरलं, त्या दिवशीसारखंच. काट्यावर नऊशे दहा. 'मावशी,' तो म्हणाला, 'तेल हलकं असतंय. लिटर भरलं म्हणजे किलो भरलं असं न्हाई.' मी तिथंच पोत्यावर बसले. त्याला वाटलं चक्कर आली, पाणी दिलं. मला हिशोब लागत होता. डबा किलोचा होता आणि माप लिटरचं. तिन्ही मापं भरली तरी पाव किलो कमी. पाच जणींचं पाव पाव किलो, म्हणजे डब्याचं तळ. माप पण खरं होतं आणि काटा पण खरा होता, आणि ते तेल चार पळ्या नव्हतं, कंपनीनं वर घातलेलंही नव्हतं. तुमच्या घरांतलं होतं.

मी त्याच दिवशी झुंबरबाईकडे गेले, पुष्पाबाईलाही बोलावलं. पुष्पाबाईला हसूच आवरेना, म्हणाली, मंग माझं तेल काढ बाहेर, पोळ्याला पुरणपोळ्या करते. ती चेष्टा होती, मनात काही नव्हतं तिच्या. झुंबरबाई मात्र चिडली. म्हणाली, तेल काय तिचं एकटीचं गेलं का, आमचं पण गेलं, आम्ही कधी काही बोललो का? मी म्हटलं, 'तुम्हाला तळ दिसलंच न्हाई, बाई. तुम्ही तेल घेऊन निघून जायच्या. तिला दिसायचं, कारण तिला आपण शेवटी उभं करत होतो.' झुंबरबाईनं चहाचे कप उचलले. भरलेलेच होते. आता उकरून काय करायचं, एवढंच ती आतून म्हणाली.

घरी येताना माझंच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. तिला दिसायचं. बेबी, तुला पहिल्या महिन्यापासून दिसत असणार. तुझं तिसरं माप ओतल्यावर डबा कलता व्हायचा आणि आत किती राहिलंय ते ओट्याखालून तुला सरळ दिसायचं, मला वरून दिसायचं तसंच. रामकिसनभाऊंच्या हाताशी काटा होता, तुम्ही केव्हाही बघू शकत होता. हे होते तोवर तू बोलली नाहीस. हे गेल्यावर सव्वा वर्ष बोलली नाहीस. दर महिन्याला ते तेल डब्यात राहतंय हे बघून तू कॅनचं झाकण लावून जात राहिलीस. आणि बोललीस कधी, तर तुझ्या घरी काम बंद पडल्यावर, तुला त्या पाव किलोची गरज लागल्यावर. मी चुकत असेन तर सांग. कदाचित तुलाही तेव्हाच कळलं असेल. पण मला तू माहीत आहेस, आणि मला वाटतं की माझी लेकरं सव्वा वर्ष जे तळण खात होती ते तू मला देत होतीस, मला न सांगता, आणि मी त्याला माझी काटकसर म्हणत होते.

आता हे पत्र का लिहिलं ते. एकवीस तारखेला, रविवारी, आपल्या भागातल्या बचत गटांचा मेळावा आहे. झुंबरबाई अध्यक्ष आहे आणि उन्हाळ्यातच तिनं माझं नाव देऊन ठेवलंय, की थोडक्या किराण्यात घर कसं चालवावं यावर चतुराबाई बोलतील. साठ-सत्तर बायका येतील, बहुतेक नव्या. शुक्रवारी मी भाषण लिहायला बसले. वर माझ्या बहिणींनो असं लिहिलं. ज्वारी लिहिली, येसर लिहिलं, एका पळीच्या दोन फोडण्या लिहिल्या आणि तेलापाशी आल्यावर हात चालेना. माझ्या काटकसरीतून तुझं गप्प राहणं वजा केलं तर किती उरतं, ते मला सांगता येत नव्हतं, आणि ते न सांगता बोलले असते तर ते पुन्हा माप पुसत बसणं झालं असतं. तो कागद मी बाजूला ठेवला, दुसरा घेतला आणि वर तुझं नाव लिहिलं. रविवारी मी हेच पत्र वाचणार आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, म्हणून दोनदा उतरवून काढलंय. यातलं तुझ्याबद्दलचं, रामकिसनभाऊंबद्दलचं, मोनालीबद्दलचं काही लोकांपुढे नको असेल तर पत्रामागे शीतलचा नंबर लिहिलाय, त्याच्या आधी कळव, मी तेवढं गाळीन. माझ्याबद्दलचं काही गाळणार नाही. माफी मागत नाही मी. मागितली की ती द्यायचं काम परत तुझ्याकडेच येतं, आणि तू मला पुष्कळ दिलं आहेस.

तुझीच,
चतुरा